चढायचा दगड

श्रेयाच्या तोंडातून बोट घालून काढलेला पांढरा गोटा सुपारीएवढा होता. रेश्माने तो मुठीत घट्ट धरला आणि गाडीत बसेपर्यंत मूठ उघडली नाही.

जळोचीच्या नव्या बंगल्यापुढे पंधरा बाय बाराचा मोकळा तुकडा सुटला होता. विराज एमआयडीसीतल्या कंपनीत इंजिनिअर. त्याच्या मोबाइलमध्ये कुठल्याशा रिसॉर्टचे फोटो होते. हिरवळ, तिच्या कडेला पांढऱ्याशुभ्र गोट्यांचा पट्टा आणि मधोमध उभा, ऐटदार, खडबडीत दगड. ते बघूनच इंदापूर रस्त्यावरच्या नर्सरीत सगळे गेले होते. दगडांचे ढीग रंगवार लावलेले, पिवळे, काळे, दुधी. दोघं दर विचारीत होते तेवढ्यात पावणेतीन वर्षांच्या श्रेयाने त्यातला एक गोळीसारखा तोंडात टाकला.

"काही झालं नाही ना? मग?" गाडी चालवताना विराज म्हणाला.

"झालं नाही, कारण मी बघत होते."

रेश्मा बघायचीच. वनस्पतिशास्त्रात एमएस्सी केलेली मुलगी, भिंगाखाली पान धरून त्याची शीर न् शीर बघायची सवय. लेक झाल्यापासून तेच भिंग तिने घरावर धरलं होतं. फाटकाची कडी दिवसातून दहा वेळा, गॅसचं बटण झोपताना दोनदा, पलंगाचे कोपरे, बादलीतलं पाणी. घरात त्याला 'रेश्माची तपासणी' म्हणत आणि हसत. एवढं करूनही मार्गशीर्षात श्रेया ओट्यावरून पडली होती आणि हनुवटीला चार टाके पडले होते. टाक्यांची पांढरी रेघ अजून होती. श्रेया हसली की ती रेघ ताणायची आणि रेश्मा नजर वळवायची.

"गोटे नकोत," घरी आल्यावर तिने जाहीर केलं. "जे तोंडात मावेल ते या अंगणात येणार नाही."

सासूबाई शेंगा सोलत होत्या. इंदिराबाईंचं माहेर सणसरचं. त्या म्हणाल्या, "मग मोठाच आणा की. आमच्या दादासोनं उसाचं रान सपाट केलं तवा जेसीबीनं ही एवढाली धोंडी काढलीत. बांधाला पडलीत नुसती. सापाला घर झालंय."

"सापाला?" रेश्मा म्हणाली.

"अगं, दगड आणायचाय. साप न्हाय."

रविवारी सगळे सणसरला गेले. दादासो म्हणजे विराजचे मामा. त्यांनी बांधावर चहाचा थर्मास आधीच आणून ठेवला होता आणि कळसच्या रामहरीलाही बोलावलं होतं. "दगडातलं त्याला कळतं तेवढं मला उसातलं कळत न्हाय," मामा म्हणाले. "आन मी चाळीस वर्सं ऊस लावतोय."

रामहरी सत्तरीकडे झुकलेला, काटकुळा माणूस. डोक्याला टोपी, खांद्यावर पहार, हातात लहानशी हातोडी. डाव्या हाताची करंगळी अर्धीच. बांधाच्या कडेने चालत प्रत्येक धोंड्यापुढे तो क्षणभर थांबत होता, लग्नाच्या मांडवात ओळखीचे चेहरे शोधत हिंडावं तसा.

विराजने मात्र पाच मिनिटांत निवड केली. छातीएवढा उभा दगड, एका अंगाला पांढऱ्या स्फटिकांचा चमचमता पट्टा. "हा! फोटोतल्यापेक्षा भारी."

"देखना हाय," रामहरी म्हणाला. हातोडी त्याने दगडाच्या डोक्यावर हळूच मारली, मग कमरेला, मग बुडाला. वर ठण्ण वाजलं, खाली ठप्प. पुन्हा मारली. पुन्हा ठप्प.

"दादासो, पानी हाय का वंजळभर?"

मामांनी कळशीच दिली. रामहरीने सगळा दगड अंघोळ घातल्यासारखा भिजवला आणि स्वतः बांधावर बसून तंबाखू मळायला घेतली. फेब्रुवारीचं ऊन होतं. बघता बघता दगड वरून सुकत आला. काळा होता तो करडा झाला.

"आता काय बघायचं?" विराजने विचारलं.

"बसायचं. त्यो सांगंल."

रेश्मा श्रेयाचं बोट धरून उभी होती. तिची नजर दगडावरून सरकत खाली आली आणि थांबली. सगळं वाळलं होतं, पण चमकत्या पट्ट्याच्या खालून एक केसासारखी बारीक काळी रेघ तिरपी गेली होती. ती वाळत नव्हती.

"आबा," ती म्हणाली, "ही रेघ ओलीच आहे."

रामहरीचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. तो उठून आला, वाकला, रेघेवरून नख फिरवलं. "व्हय. ह्यात पानी शिरतंय. आज न्हाय, उद्या न्हाय, पर कवातरी ह्यो हितनं फुटनार." मग त्याने रेश्माकडे नीट बघितलं. "म्या दाखवायच्या आदी दिसली तुमाला. दगडवाल्याची नजर हाय ताई तुमची."

आजवर तिच्या नजरेचं कुणी कौतुक केलं नव्हतं. रेश्माने श्रेयाची टोपी विनाकारण सारखी केली.

"बरं, ठेवायचाय कुटं? आन बसनार कोन त्यावर?"

"बसायला नाही हो, शोभेला," विराज म्हणाला.

रामहरीने श्रेयाकडे हनुवटी केली. "ही घरात हाय तवर शोभंचा न्हाय राहायचा."

त्याने उसाचं एक वाळलं पान उचललं, मधली शीर सोलून काडी काढली आणि श्रेयापुढे उकिडवा बसला. काडीचं एक टोक तिच्या टाचेला लावलं, दुसरं गुडघ्याशी मोडलं. श्रेयाला गुदगुल्या झाल्या. ती खिदळली. काडी टोपीत खोचून तो पुन्हा बांधाने निघाला, आता वेगळ्याच चालीने. एकेका धोंड्याला काडी लावायची, मान हलवायची, पुढे जायचं. शिंपी कापडावर टेप टाकतो तशी सवयीची, बिनघाईची हालचाल.

रेश्मा त्याच्या मागोमाग चालत होती. तो काय करतोय हे तिच्या लक्षात आलं आणि एकाच वेळी तिला दोन गोष्टी वाटल्या. पहिली, हा माणूस विलक्षण आहे. दुसरी, हा माझ्या लेकीला पडायला जागा शोधतोय.

शेवटच्या टोकाला, घाणेरीच्या झुडपाआड, बसकी रेडकी पाय पोटाशी घेऊन बसावी तसा एक धोंडा होता. ना चमक, ना ऐट. करडा, बूड मातीत रुतलेलं, वर ताटाएवढी सपाटी. एका अंगाने मात्र पावसापाण्याने झिजून तीन टप्पे पडलेले. रामहरीने पहिल्या टप्प्याला काडी लावली. जुळली. दुसऱ्याला लावली. बोटभर कमी. तिसऱ्याला जुळली. हातोडी मारली, तर सगळीकडून एकच आवाज, ठण्ण, देवळातल्या लहान घंटेसारखा.

"ह्यो."

"आबा, चढायचा नको हो," रेश्मा घाईने म्हणाली. "ती पडलीय एकदा. नुसता बसका, कडेला असा..."

"ती चढनारच की ताई. खुर्चीवर चढंल, फाटकावर चढंल. मग चढन्याजोगं काय नगं का?"

विराज मोबाइलमधल्या फोटोकडे बघत राहिला आणि मग त्याने मोबाइल खिशात टाकला. त्या रात्रीपासून रेश्माला झोपेत तीन टप्पे दिसायला लागले.

बुधवारी दगड जळोचीला आला. ट्रॉलीतून जेसीबीने साखळीवर उचलला. रामहरीने आधीच खड्डा घेऊन त्यात मुरूम चोपून ठेवला होता. "बांधाला व्हता तसाच, तिसरा हिस्सा जमिनीत. न्हायतर दगड ठेवल्यावानी दिसतोय, उगवल्यावानी दिसत न्हाय." धोंडा खाली येऊ लागला, जरा हेलकावला, तसा विराजचा हात आपसूक पुढे गेला.

"हात मागं!" एवढ्या काटकुळ्या देहातून एवढा आवाज निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं. "उतरत्या दगडाला हात लावायचा न्हाय. त्याची जागा त्याला घिऊ द्या." त्याने अर्धी करंगळी वर केली.

दगड बसला. साखळी सुटली. रामहरी स्वयंपाकघरात गेला, खिडकीशी उभा राहिला, बाहेर आला आणि पहारेने धोंडा वीतभर फिरवला. पुन्हा आत, पुन्हा बाहेर, आणखी चार बोटं. तो तिसऱ्यांदा आत निघाला तशा इंदिराबाई म्हणाल्या, "रामहरी, घर बघून झालं आसंल तर च्या घे."

"पायऱ्या खिडकीतनं दिसाय पायजेत की आक्का. ताईंचा जीव तव्याजवळ राहील का न्हायतर?"

रेश्माने खिडकीतून बघितलं. तिन्ही टप्पे तिच्यासमोर होते, एकही झाकलेला नव्हता. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

"आट दिस कडंनं पानी सोडा," जाताना तो म्हणाला. "मुरूम बसू द्या. म्या यिऊन हालवून बगतो, मग चढू द्या. तवर न्हाय."

आठ दिवस. रेश्माला ते वरदानासारखे वाटले आणि लगेच कमी वाटले. श्रेया रोज उठल्या उठल्या खिडकीशी जायची. "आबा आले की चढायचं?" "हो." "आले?" "नाही." भाकरी थापताना रेश्मा तिसऱ्या टप्प्याची उंची मनात मोजायची. दोन फूट, सव्वादोन. खाली माती, बाजूला फरशी. फरशी किती लांब? हनुवटीवरची रेघ. डॉक्टर म्हणाले होते, दात थोडक्यात वाचले.

चौथ्या दिवशी दुपारी विराज कंपनीत, सासूबाई पडलेल्या. श्रेया अंगणात दगडाच्या पहिल्या टप्प्यावर तळहात ठेवून उभी होती, पाय अजून जमिनीवरच. रेश्मा आत गेली, देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा आणला आणि दगडाच्या माथ्यावर एक ठसठशीत बोट ओढलं. कुंडीतलं झेंडूचं एक फूल वर ठेवलं.

"हा बाप्पा आहे. बाप्पावर पाय ठेवतात का?"

श्रेयाने मोठ्या डोळ्यांनी मान हलवली आणि हात जोडले.

इतकं सोपं होतं! रेश्मा त्या दुपारी कित्येक महिन्यांनी गाढ झोपली.

संध्याकाळी इंदिराबाईंनी ते कुंकू बघितलं. "हे कुणी लावलं गं?"

"काय की," रेश्मा म्हणाली आणि कणीक मळायला वळली. खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं, पण ते निघालं आणि मग परत घेता येईना.

इंदिराबाई देव्हाऱ्याकडे गेल्या. थोड्या वेळाने अंगणातून उदबत्तीचा वास आला. सकाळी शेजारच्या कौसल्याकाकू दूध घ्यायला निघाल्या होत्या, त्या कुंपणाशी थांबल्या. "इंदिराबाई, कुणी लावलं म्हणता?" "कुणीच न्हाय." "अगंबाई! आपोआप?" दूध राहिलं बाजूला. त्या घरी जाऊन हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या. सोमवार उजाडला तेव्हा दगडावर तेल ओतलेलं होतं, शेंदराचा ठिपका होता, फुटलेला नारळ होता, आणि संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या बायका चपला काढून आत येत होत्या.

"लँडस्केप सांगितलं होतं मी," विराज म्हणाला. "झालं देऊळ. आता पार्किंगची सोय करतो."

रेश्मा हसली नाही. कौसल्याकाकू फाटक उघडंच ठेवायला सांगून गेल्या होत्या. "सारखं कडी काढायला कुणाकुणाला हाक मारायची?" जिची कडी ती दिवसातून दहा वेळा बघायची ते फाटक. मंगळवारी सकाळी ती दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसकडे वळली आणि मान वर करते तर खिडकीत श्रेया नाही. ती अनवाणी धावली. श्रेया फाटकाच्या बाहेर होती. कुणा काकूंच्या मागे प्रसाद मागत गेलेली, गालात खोबऱ्याचा तुकडा. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर गाणी लावून धडधडत गेला. रेश्माने तिला उचललं, गालातून खोबरं काढलं आणि फाटकाला पाठ लावून उभी राहिली. ज्या भीतीपायी तिने कुंकू लावलं होतं, ती सगळी त्या एका बोटानेच घरात बोलावून आणली होती.

दुसऱ्या दिवशी रामहरी आला.

तो फाटकातच थांबला. मग दगडाशी जाऊन बसला, माथ्यावर बोट फिरवून नाकाशी नेलं. "त्याल कुनी वतलं? निसरडा झाला की."

"देव प्रगटलाय म्हणत्यात," इंदिराबाई जरा अवघडून म्हणाल्या.

"आक्का, आमच्या आज्यापास्नं दगड काढतोय आमी. शेंदूर दिसला की पहार खाली ठेवायची, हात जोडायचं, वाट बदलायची. ह्यो म्या उचलायच्या आदी सगळ्या अंगानं धुऊन बगितला व्हता. ह्यात देव असता तर म्या उचलला नसता." आवाजात राग नव्हता, पण दुखावलेपण होतं. आपल्या निवडीवर कुणीतरी न विचारता रंग फासावा तसं.

इंदिराबाई चहा टाकायला आत गेल्या. रेश्मा दगडापाशी उभी राहिली. "आबा, पहिलं कुंकू मी लावलं."

त्याने वर बघितलं.

"तिने चढू नये म्हणून. आईंना सांगितलं नाही. मग हे सगळं..." तिने शेंदराच्या ठिपक्याकडे बोट केलं. "तुम्ही तिच्यासाठी निवडलेला दगड होता."

रामहरीने टोपी काढली. उसाच्या पानाची ती काडी अजून तिथेच होती. "टप्पं खचलं का बगायला आनली व्हती," तो म्हणाला. काही क्षण त्याने ती बोटांत फिरवली. "भ्या वाटलं व्हय?"

"हो."

"मलाबी वाटतं. समद्या जल्मात एक दगड बी बिनभ्याचा उचलला न्हाय म्या. पर भ्या वाटलं की म्या आनीक एकडाव पानी वततो. बगतो. तुमची नजर तर माझ्यापरास चांगली. मग झाकलं का ताई?"

रेश्मा आत गेली आणि चहाच्या पातेल्याशेजारी उभं राहून तिने सासूबाईंना सांगून टाकलं.

"अगं भवाने!" इंदिराबाईंच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "पाच दिस उदबत्त्या लावतीय मी! त्या कौसल्येनं नवस बोललाय, लेकाच्या नोकरीचा!" मग पदर तोंडाशी गेला. रडतायत की हसतायत, रेश्माला कळेना. शेवटी कळलं, दोन्ही. "पर आता कसं करायचं? एकदा हात जोडल्याव पाय कसा ठिवायचा वर? ते न्हाय व्हायचं माझ्यानं."

हा पेच खरा होता. रामहरी येणार म्हणून सुट्टी घेतलेला विराज आणि रेश्मा, दोघंही त्याच्याकडे बघू लागले. रामहरीने चहा बशीत ओतला. "जागा बदलून देऊ की. देवाला काय, मानानं न्यायचं. आक्का, तुमीच निवडा दगड."

मग इंदिराबाईंनी दगड निवडला. उरलेल्या मुरुमाच्या ढिगाशी पदर खोचून बसल्या आणि मूठभर आकाराचे धोंडे एकेक करून हातात घेऊ लागल्या. "हा नको, ह्याला तोंडच न्हाय. हा चपटा. हा... हं, ह्याला ठोकून बघ रे रामहरी." त्याने गंभीरपणे ठोकून बघितलं. ठण्ण. तो धोंडा दगडाच्या माथ्याला टेकवून, कुंकू-फूल त्यावर घेऊन, त्यांनी पदराच्या ओंजळीत मागल्या दारच्या तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात नेऊन ठेवला. कौसल्याकाकूंना बोलावून सांगितलं, "देव आता हितं बसलेत. नवस चालू हाय. पर यायचं ते मागल्या दारानं." काकूंना घरच्यासारखं मागल्या दाराने यायचा मान मिळाला. त्यांची काही तक्रार राहिली नाही. फाटकाला कडी लागली.

मोठ्या दगडावरचं तेल निघेना. इंदिराबाईंनीच डाळीचं पीठ आणि कढत पाणी आणलं. त्याच नारळाच्या काथ्याने रेश्माने दगड घासला, टप्प्यांच्या कपारीसुद्धा. मग रामहरीने स्वच्छ पाणी ओतलं आणि बाजूला झाला. "आता तुमी बगा. म्या न्हाय बगनार."

ती उकिडवी बसली. ऊन चढत होतं. पाणी माथ्यावरून उडालं, कडांवरून उडालं, टप्प्यांवरून हळूहळू मागे सरलं. तिने एकेक जागा बघितली, फिरून मागची बाजू बघितली, गाल जमिनीला टेकवून बूड बघितलं. कुठेही रेघ राहिली नाही. दोन्ही हातांनी ढकलून बघितलं. दगड जळोचीच्या जमिनीतूनच वर आल्यासारखा घट्ट होता.

"फरशी," ती म्हणाली. "फरशी जवळ आहे. तिथे माती हवी."

"बराबर," रामहरी म्हणाला आणि विराजला हाक मारली. दोघांनी कडेच्या दोन फरश्या उचलून तिथे मऊ माती पसरली.

मग तो बाजूला झाला. "हात मागं धरा ताई."

रेश्माने हात पाठीशी नेले आणि बोटांत बोटं अडकवली.

श्रेयाने पहिल्या टप्प्यावर पाय ठेवला. गुडघा वाकला, ती वर झाली. दुसऱ्यावर पाय जरा घसरला. रेश्माची बोटं सुटली, पुन्हा अडकली. श्रेयाने खाली बघितलं, पाय उचलून वीतभर आत ठेवला आणि तिसरा टप्पा पार करून ताटाएवढ्या सपाटीवर बसली. चेहऱ्यावर अशी ऐट, की विराजच्या फोटोतल्या उभ्या दगडाने लाजावं. हनुवटीवरची रेघ हसण्याने ताणली होती. रेश्माने ती या वेळी पूर्ण बघितली. नजर वळवली नाही.

"आता उतरू?"

चढणं सोपं होतं. हे अवघड. रेश्मा म्हणाली, "उतर. पाय खाली शोध."

श्रेया पालथी झाली. एक पाय हवेत लोंबकळला, इकडे फिरला, तिकडे फिरला, आणि जिथे टप्पा होता तिथे नेमका टेकला. मग दुसरा. मग माती.

"परत!"

रामहरीने टोपीतली काडी काढून श्रेयाच्या पायाशी धरली. टाच ते गुडघा. मोडलेलं टोक गुडघ्याच्या किंचित खाली राहिलं होतं.

"वाढली," तो म्हणाला. "आट-धा दिसांत. पुढल्या साली हिला ह्यो लहान व्हतोय बगा. तवा सांगा. सणसरच्या बांधाला एक हाय ध्यानात."

श्रेया पुन्हा दुसऱ्या टप्प्यावर होती. रेश्माचे हात अजून पाठीशीच होते, बोटांना मुंग्या आल्या होत्या. "कसा आहे तो?" तिने नजर न हलवता विचारलं. "किती उंच?"